चार चाकांचे पैसे

कोथरूडहून ताम्हिणी घाटानं माणगाव गाठायचं तर रस्ता शंभर किलोमीटरच्या आसपास. आषाढातल्या एका शनिवारी सकाळी सहाला निघालेली एक जुनी फोर-व्हील जीप दुपारी बाराला पोहोचली ती नाना पेठेत. मधल्या सहा तासांत गाडीतल्या तिघांनी भूगाव पाहिलं, पिरंगुट पाहिलं, पौडला भजी खाल्ली आणि तिथून परत फिरून पुन्हा पिरंगुट आणि भूगाव पाहिलं. बोलणं जवळजवळ झालंच नाही. भांडण नव्हतं; ऐकू येत नव्हतं.

गाडीचे मालक बँकेतून निवृत्त झालेले एक काका. शेजारी काकू, मांडीवर थालीपिठांचा डबा. मागच्या आडव्या बाकावर काकूंचा धाकटा भाऊ. तो डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला एकदा बसला होता, आणि त्या जोरावर मिक्सरपासून मोटारीपर्यंत घरातलं सगळं त्याच्या अखत्यारीत आलं होतं.

आवाज सुरू झाला चांदणी चौकात. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यरात्री सुरुंग लावून पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे पूल, नवे रॅम्प सुरू झाले. तेव्हापासून पौडकडे जाणाऱ्यानं एखादा रॅम्प चुकायचा असा रिवाजच पडला आहे. काकांनीही तो पाळला. साताऱ्याच्या दिशेनं भलतंच लांब जाऊन, वळून परत येताना स्पीडोमीटरचा काटा चाळीसच्या पुढे गेला आणि पायाखालून घरघर सुरू झाली. जात्यात हरभरे भरडावेत तशी. पन्नासला तिचा सूर चढला. ॲक्सिलरेटर सोडला की घरघरीची खडखड व्हायची.

"दाजी, व्हील बेअरिंग!" मागून मेहुण्यांनी ओरडून निदान केलं.

पिरंगुटच्या टायरवाल्यानं गाडी पाहिली आणि सांगितलं, टायर एकसारखे झिजलेले नाहीत, चारही बदला. पौडच्या ग्रीसिंगवाल्यानं सांगितलं, जॉईंटांना ग्रीस नाही. काकांनी सोसायटीतल्या शेजाऱ्यांना फोन लावला. त्यांच्या मोटारीचं डिफरन्शिअल गेल्याच महिन्यात बदललं होतं. त्यांनी फोनवर आवाज ऐकला आणि ठामपणे सांगितलं की डिफरन्शिअल गेलं. ज्याच्याकडे जे होतं, तेच काकांच्या गाडीचं बिघडलं होतं.

खुद्द काकांचं मत वेगळं होतं. ते रोज पहाटे वेताळ टेकडीवर फिरायला जातात. त्या टेकडीवर एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे, आणि देशभरातल्या गाड्यांचे आवाज आणि हादरे तिथे मोजले जातात. तिच्या कुंपणाबाहेरून बारा वर्षं चालल्यामुळे आवाजातलं आपल्याला थोडंफार कळतं, असं काका मानत. त्यांच्या मते घरघर रस्त्याची होती. रस्ता बदलला, घरघर राहिली, तेव्हा काकूंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "अहो, परत फिरा."

पुण्यात पुस्तकं अप्पा बळवंत चौकात, लग्नाचा बस्ता लक्ष्मी रोडला आणि मोटारीचे पार्ट नाना पेठेत. नाना फडणवीसांच्या नावाच्या या पेठेत आता दुकानांच्या दारांवर पंख्याचे पट्टे, क्लच प्लेटा आणि सायलेन्सर लटकलेले असतात. तिथल्या एका बोळात, फक्त जीपचीच कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींसमोर गाडी उभी राहिली. मेहुण्यांनी खाली उतरून सगळी निदानं क्रमवार सांगितली. मिस्त्रींनी ती चहा संपेपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "आता गाडीला विचारू का?"

अशा जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन बुटक्या दांड्या असतात. एक पुढची चाकं इंजिनाला जोडते नाहीतर सोडते. दुसरी हाय, न्यूट्रल आणि लो करते. लोमध्ये वेग जवळजवळ अडीच पटीनं घटतो आणि ओढ तेवढीच वाढते. या दांड्या जाऊन भिडतात ती पेटी म्हणजे ट्रान्स्फर केस. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटून देणं हे तिचं काम. मिस्त्रींनी पहिली दांडी ओढली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. हलेना. त्यांनी काकांकडे पाहिलं.

"साहेब, फोर-व्हील कधी टाकता?"

"टाकायची कशाला? टाकलेलीच असते."

"डांबरी रोडवर?"

"चार चाकांचे पैसे मोजलेत," काका म्हणाले, "दोनच का फिरवायची?"

बोळात थोडा वेळ शांतता पसरली. मग मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरानं गाडी वीतभर मागे घेतली, पेटीत 'टक्' झालं आणि दांडी लोण्यातून सुरी यावी तशी सुटली.

काकांचा हिशेब बँकेत चालला असता. वळणावर चालत नाही. पालखीचे भोई वळण घेतात तेव्हा पुढच्यांना बाहेरून मोठा फेरा पडतो आणि मागच्यांना लहान. जीप वळली की तिच्या पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर तोडावं लागतं. डाव्या-उजव्या चाकांमधला असा फरक डिफरन्शिअल मिटवतं. पण या जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या जोडीच्या मध्ये डिफरन्शिअल नाही. फोर-व्हील टाकली की दोन्ही जोड्या एकाच दांडीला बांधल्या जातात. चिखलात एखादं चाक घसरतं आणि फरक फिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ गिअर, शाफ्ट आणि बेअरिंगांच्या अंगावर बसतो. सोसायटीच्या फाटकात पूर्ण वळण घेताना काकांची जीप बसल्या जागी उड्या मारायची. चार वर्षं काका त्याला जीपचा जोम समजत होते.

आता चौकशी सुरू झाली. गाडी जागेवर उभी. मिस्त्रींनी ट्रान्स्फरची दांडी न्यूट्रलला ठेवली, गिअर टॉपला टाकला, क्लच सोडला आणि इंजिन चढवलं. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर, चारही चाकं स्तब्ध, आणि घरघर मात्र चालू.

"टायर फिरतायत?"

"नाही."

"बेअरिंग, जॉईंट, डिफरन्शिअल?"

"नाही," मेहुणे जरा हळू म्हणाले.

पिरंगुटचा टायरवाला, पौडचा ग्रीसवाला, सोसायटीतले शेजारी आणि मेहुणे स्वतः असे चौघे एका झटक्यात निकालात निघाले. मग गिअर न्यूट्रलला आला, इंजिन तेवढंच चढवलेलं, आणि घरघर गेली. टॉप गिअरमध्ये ताकद गिअरबॉक्समधून सरळ पार होते, त्यामुळे त्याच्यावरचा संशय कमी. उरली ट्रान्स्फर. मिस्त्री गाडीखाली सरकले, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पेटीवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली. पेटीवर तीन ठिकाणी ऐकलं. तिसऱ्या जागी डोळे मिटले.

"मधला गिअर," ते खालूनच म्हणाले. काकूंनाही ऐकायचं होतं. मिस्त्रींनी त्यांना वाकायला न लावता स्क्रू ड्रायव्हर वरच्या पत्र्याच्या भोकातून टेकवून दिला. काकूंनी क्षणभर ऐकलं आणि सांगितलं, "डाळ भरडतायत."

ही पेटी घराण्याची आहे. १९४० मध्ये अमेरिकी सैन्यानं हलक्या गाडीची मागणी काढली, तेव्हा बँटम या लहानशा कंपनीनं ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्धकाळात मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. त्यांत बसलेली ट्रान्स्फर स्पायसर कंपनीची, मॉडेल १८. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केली तेव्हा ही रचना इथे आली आणि नंतरच्या कित्येक जीपांत नांदली. तिचा एक स्वभाव असा, की दोन चाकांवर चालतानासुद्धा मागे जाणारी ताकद सरळ जात नाही, मधल्या गिअरला वळसा घालून जाते. म्हणजे मधल्या गिअरला रविवार नाही.

खालचा नट उघडला तेव्हा काळपट ऑईलची बारीकशी धार आली आणि तीही चटकन आटली. ट्रेमधलं ऑईल उन्हात चमकत होतं. काकूंना ते आवडलं. मिस्त्रींना नाही, कारण ती चमक लोखंडाची होती. पेटी आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं सील झिजलं, की एकाचं ऑईल दुसऱ्यात जातं. गिअरबॉक्स तुडुंब आणि ट्रान्स्फर उपाशी. उपाशीपोटी चार वर्षं पीळ सोसायचा, म्हणजे काय होणार?

काय झालं ते दुपारी दिसलं. जॉईंट शाफ्ट सुटले, हँडब्रेकचा ड्रम निघाला (या जीपला हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फरच्या पाठीवर असतो), लॉकची पट्टी काढून मधल्या गिअरचा शाफ्ट ठोकून बाहेर आला. मिस्त्रींनी तो रॉकेलनं धुतला, फडक्यानं पुसला आणि त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख घसरत गेलं आणि एका जागी अडखळलं. मग काकांचा अंगठा धरून तिथे ठेवला. गिअर आणि शाफ्ट यांच्यामध्ये सुईसारखे बारीक रोलर असतात. त्यांनी शाफ्टवर एकाशेजारी एक अशा खाचा पाडल्या होत्या. काकांनी नख दोन-तीनदा फिरवलं. पासबुकात न जुळणारी नोंद सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला.

रविवारी तिघे पार्ट शोधायला निघाले. सॅम्पल काकूंच्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. नाना पेठेतला दुकानदार कागदावरचा नंबर वाचत नाही, "सॅम्पल आणलंय?" एवढंच विचारतो. पण त्या दिवशी निम्मी दुकानं बंद होती, म्हणून मेहुण्यांनी सर्वांना जुन्या बाजारात नेलं. जुना बाजार भरतो मंगळवार पेठेत, बुधवारी आणि रविवारी. पितळी समया, टेपरेकॉर्डर, एका पायाचा बूट आणि दोन घोड्यांच्या मोटारी यांच्यात मेहुण्यांना खरोखरच एक शाफ्ट सापडला. हुबेहूब. साडेतीनशेवरून घासाघीस करत दोनशेला आणला. सोमवारी मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवलं. अडखळलं. दुसऱ्या कुणाच्या तरी जीपची घरघर दोनशे रुपयांना घरी आली होती.

शेवटी नवा शाफ्ट, नवे रोलर, बाजूचे थ्रस्ट वॉशर, बेअरिंगा आणि सीलं असं सगळं रोख आलं. जोडणी मंगळवारी. मिस्त्रींनी मधल्या गिअरच्या भोकात ग्रीसचा थर लावला आणि त्यात एकेक रोलर उभा चिकटवायला घेतला. ते निसटू नयेत म्हणून आत गिअरएवढीच लाकडी दांडकी बसवायची. मग गिअर पेटीत धरून एका बाजूनं खरा शाफ्ट ठोकायचा आणि दुसऱ्या बाजूनं दांडकी बाहेर ढकलायची. एक रोलर पडला तर सगळं पुन्हा. रोलर मोजायचं काम काकांकडे होतं, कारण माणूस बँकेतला. ट्रेमध्ये ठेवताना मोजले, लावताना मोजले, एक कमी.

फरशी पाहिली, पोराचे खिसे पाहिले, चुंबक फिरवून झालं. काकांनी तिसऱ्यांदा मोजायला चष्मा नीट केला आणि तो रोलर त्यांच्याच तर्जनीवर ग्रीसमध्ये चिकटलेला दिसला.

"कॅश टॅली," मेहुणे म्हणाले. कुणी हसलं नाही.

मागच्या शाफ्टला लांबीच्या दिशेनं थोडा खेळ ठेवावा लागतो, चार ते आठ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. खेळ नाही ठेवला तर बेअरिंग तापून जाम होते, जास्त ठेवला तर शाफ्ट नाचतो. मिस्त्रींनी कागदासारखे शिम घालून, काढून, शाफ्ट हातानं पुढेमागे करून तो खेळ डायलवर जमवला. मग नव्वद नंबरचं गिअर ऑईल, भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंत.

पुढच्या शनिवारी जीप पुन्हा चांदणी चौकात. या वेळी रॅम्प बरोबर लागला. पंचेचाळीसला काकांनी मान तिरकी केली.

"अजून थोडा आवाज येतोय."

"तो जन्माचा," मेहुण्यांनी मिस्त्रींचं वाक्य ऐकवलं. आता त्यांना ओरडावं लागलं नाही, आणि ही सोय त्यांनी मुळशी धरणापर्यंत पुरेपूर वापरली.

ताम्हिणीत धुकं, धबधबे आणि पुण्यातल्या निम्म्या मोटारी होत्या. घाटमाथ्याजवळ डब्यासाठी गाडी रस्त्याखालच्या मोकळ्या जागेत घेतली आणि परत निघताना मागची चाकं लाल चिखलात जागच्या जागी फिरू लागली. काकांनी दोघांकडे पाहिलं, जणू परवानगी मागत होते. मग पुढची चाकं जोडली, दुसरी दांडी लोला टाकली आणि क्लच हळू सोडला. जीप गुरगुरली, पुढची चाकं चिखलात रुतली, घसरली, पकडली आणि एका दमात वर आली. रस्त्यावरच्या दोन पोरांनी शिट्टी मारली. काकांचा चेहरा चार वर्षांत इतका फुलला नव्हता.

डांबर लागलं. जीप थांबली, पण काकांचा हात स्टिअरिंगवरच. मेहुणे मागून पुढे वाकून दांडीकडे बघत राहिले. काकूंनी डब्यातलं शेवटचं थालीपीठ दोघांत वाटलं आणि बोटं रुमालाला पुसली.

"झाले ना पैसे वसूल?" त्या म्हणाल्या. "काढा आता दोन."