दंडाधिकारी सरांस, सप्रेम

मा. सर,
पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण वर्ग, जि. बुलढाणा



लगीनसराई आटोपून माझा भाचा मैदानावर परतला, तेव्हा 'चरबी चढली' म्हणून आपण त्याला भर मे महिन्यात टिनाच्या शेडखाली पाचशे दंड मारायला लावलेत. गिनती चुकली की पुन्हा एकपासून. पाणी मागितलं तर 'पोट जड होते'. शिस्त म्हणजे शिस्त!

दुसऱ्या दिवशी त्याला शर्टात हात घालता येईना. बटणं आईनं लावली. खांदे मात्र असे टरारले, की आपल्या फ्लेक्सवरच्या पैलवानानं लाजावं. आपण फोनवर म्हणालात, "बॉडी बनून राह्यली, घाबरू नका," आणि वर दुखण्याची गोळी सुचवलीत. तिसऱ्या दिवशी पोरगं दबक्या आवाजात म्हणालं, "मामा, लघवी कोऱ्या चहासारखी होऊन राह्यली."

सर, बॉडी बनत नव्हती, फुटत होती. अति ताणानं स्नायूंच्या पेशी फुटल्या की त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाला घोर लावतं. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंतलं एन्झाइम, एरवी साधारण दोनशेच्या आत. या दुखण्यात ते हजारांत जातं, कधी लाखावर. १९४१ साली लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्यांची मूत्रपिंडं अशीच बंद पडताना डॉ. एरिक बायवॉटर्स यांनी नोंदवली होती. तिथे जर्मन विमानं लागली. आपण एका शिट्टीवर भागवलंत. आणि ती गोळी? आधीच पाण्यावाचून कोरड्या पडलेल्या किडनीवर वेदनाशामकांचा आणखी मार बसतो, हे औषधाच्या दुकानातल्या पोऱ्यानंही सांगितलं असतं.

एक बाळबोध शंका. शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. यात दंड कुठे बसतात? मुलांचा गोळा ७.२६० किलोचा. तो फेकायला लागणारा खांदाच आपण निकालात काढलात. पोराला सध्या कंगवा उचलवत नाही.

सलाइनवर तो सावरला, किडनी शाबूत राहिली. डॉक्टरांनी तूर्त मैदान बंद केलंय. पुढच्या बॅचसाठी शेडमध्ये पाण्याचा ड्रम ठेवा, सुट्टीवरून आलेल्या पोराला निम्म्यावरून चढवा आणि लघवीचा रंग विचारायला लाजू नका. उरलेल्या महिन्यांची फी तेवढी परत करावी. फोनपे चालेल.

आपला,
पावती जपून ठेवलेला मामा