दरीवर फ्लेक्स

मार्च लागला की नागपूरच्या बेसा परिसरात दोन गोष्टींची धावपळ सुरू होते. एक टँकरची, दुसरी डिजिटल दरीची. टँकर निदान पुन्हा येतो. दरी बुजवणारे वर्षातून एकदाच येतात, ३१ तारखेच्या आत, अन् येताना फ्लेक्स घेऊन येतात.

त्यांना तरी का नावं ठेवायची? कायदाच तसा आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, यातलं एक जरी भरलं तरी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजावर खर्च करायचे. यालाच म्हणतात सीएसआर. पैसे उरले तर ते सरकारी निधीत नाहीतर वेगळ्या खात्यात टाकावे लागतात, अन् खात्यासोबत फोटो काढता येत नाही. म्हणून फेब्रुवारी सरता सरता सीएसआरच्या मॅडमना एकाएकी आठवतं, की देशात गरीब मुलं आहेत.

त्या कामाला बेसा फार सोयीचं. विमानतळ जवळ, मिहान जवळ. पाहुणे सकाळी उतरतात, दरी बुजवतात, चार घास खातात आणि संध्याकाळी मुंबईत. मेळघाटातली दरी जास्त खोल आहे हे सगळ्यांना मान्य, पण तिथून संध्याकाळचं विमान सापडत नाही. बेसात दरी रस्त्याएवढीच रुंद आहे. अलीकडे सात मजली स्कीम, प्रत्येक फ्लॅटला फायबर. पलीकडे त्याच स्कीमवर गारा वाहणाऱ्यांच्या टिनाच्या खोल्या. तिथं घरात एक मोबाइल, अन् तो सकाळीच बापाच्या खिशातून कामावर जातो. रस्त्यात उभं राहिलं की दोन्ही बाजू एकाच फोटोत येतात.

आमच्या भागातल्या एका शाळेत हा सोहळा झाला. शाळेचं नाव सांगत नाही, कंपनीचं सांगायची गरज नाही, ते मंडपाच्या चारही बाजूंना होतं. शाळा सकाळची, सुटायची वेळ होऊन गेलेली. पाहुण्यांची गाडी यायची होती. लेझीमवाल्या पोरी तीनदा नाचून दमल्या. मग पाहुणे आले. शाल, श्रीफळ, रोपटं. साहेबांनी भाषणात ‘दरी’ हा शब्द इतक्यांदा उच्चारला, की पहिल्या रांगेतलं एक पोरगं वाकून ताडपत्रीखाली बघायला लागलं.

वाटप मात्र बघण्यासारखं. टॅब पंचवीस, सगळे खोक्यात सीलबंद. सील तोडलं तर मोजणी बिघडेल, म्हणून एकच बाहेर काढला. पोरगं स्टेजवर येई, टॅब धरी, कॅमेऱ्याकडे बघून हसे आणि पलीकडच्या पायरीवर शिपाईमामांना परत देई. मामा तो मागून फिरवून पुन्हा साहेबांच्या हातात. पंचवीस हस्तांतरणं, टॅब एक. एका पोरीनं विचारलं, “सर, हा घरी न्यायचा का?” लोकांना तो प्रश्न इतका गोड वाटला, की त्यांनी टाळ्या वाजवल्या. उत्तर कुणी दिलं नाही.

उत्तर मुख्याध्यापकांना ठाऊक होतं. गाडी रस्त्याला लागायच्या आत पंचवीसही टॅब डेडस्टॉक रजिस्टरला चढले आणि लोखंडी कपाटात गेले. किल्ली सरांच्या खिशात. सर वाईट नाहीत हो. टॅब फुटला किंवा हरवला तर वसुली कुणाच्या पगारातून होणार, हे त्यांना कळतं. शिवाय चार्ज करायचा म्हणजे वीज जळणार. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाचं एकत्रित अनुदान मिळतं: तीसपर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००. त्यातच खडू, त्यातच फिनाईल, त्यातच वीजबिल. उरलेल्या पैशात डिजिटल क्रांती.

मेळघाटचं नाव निघालंच आहे, तर तिथल्या हरिसाल गावाचं सांगतो. २०१६ मध्ये सरकार अन् मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून त्याला देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून मिरवलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे ‘लाव रे तो व्हिडीओ’ म्हणाले, तर पडद्यावर हरिसालच. त्यांनी दावे पोकळ ठरवले, सरकार पक्षानं आपली बाजू मांडली. पंधरा दिवस अख्ख्या महाराष्ट्रानं हरिसाल पाहिलं, तेही बहुतेकांनी मोबाइलवर. डिजिटल गाव याहून काय असतं?

असो. टॅब देऊन पोरं शिकली का, हे बघायची सोयही कायद्यात आहे. ज्या कंपनीवर सीएसआरचा बोजा १० कोटी किंवा जास्त, तिनं १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं त्रयस्थाकडून मूल्यमापन करून घ्यायचं. त्याखालच्या प्रकल्पांना सक्ती नाही. तेव्हा दरी ९९ लाखांची असलेली बरी.

आणि दरीनंही आता जागा बदलली आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येतो. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडिया पाहिला, अभ्यासासाठी फोन वापरला ५७ टक्क्यांनी. म्हणजे बोटं चालतात. काय बघायचं हे शेजारी बसून सांगणारं माणूस हवं. पण माणूस दरमहा पगार मागतो, त्याला खोक्यात सील करता येत नाही आणि त्याच्यावर लोगो चिकटवला तर बरं दिसत नाही.

सरांनी यंदा हिंमत करून कंपनीला पत्र लिहिलं. टॅब नको; वर्षाचं वीजबिल भरा, रिचार्ज करा, महिन्यातून दोनदा एक मेकॅनिक पाठवा. उत्तर लगेच आलं, अतिशय नम्र. वीजबिलाच्या हस्तांतरणाचा कार्यक्रम करता येत नसल्यानं दिलगीर आहोत; मात्र आपल्या शाळेची यंदा एआय लॅबसाठी निवड झाली आहे, अभिनंदन.

परवा लॅबचं माप घ्यायला एक पोरगा टेप घेऊन आला. खोली मोजली, भिंत मोजली, फ्लेक्स कुठं लागेल ते आधी बघितलं. मग म्हणाला, “सर, प्लग कुठाय?”

“कपाटाच्या मागं.”

“मग कपाट सरकवू ना.”

“सरकवा ना भाऊ,” सर म्हणाले. “पण त्यात पंचवीस टॅब आहेत. ते काढायला मोजणी लागते, मोजणीला समिती लागते, अन् समितीची सभा आता मार्चनंतर.”