छन्नीचा ओरखडा
(एका मिस्त्रींना खुले पत्र)

मिस्त्रीभाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही, बालाघाटात तुमचं गॅरेज कुठे आहे तेही नाही. गाडी मात्र तुम्ही ओळखाल. पांढरी मारुती 800, पावसाळ्याच्या तोंडी चार दिवस तुमच्याकडे उभी होती. इंजिनचा मागचा ऑइल सील गळतो म्हणून आणली होती. मजुरी तुम्ही पुरेपूर घेतलीत आणि गळती मला परत केलीत.

गांगुलपाऱ्याच्या घाटात ते कळलं. बैहरकडे चढताना इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. जळक्या क्लचचा वास, मागे मलाजखंडकडे निघालेल्या ट्रकांचे हॉर्न, मागच्या सीटवर घाबरलेली दोन पोरं. चाकामागे दगड लावून मी रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा तुमचेच शब्द आठवत होते: ‘आता दहा वर्षं बघायला नको.’

दुसऱ्या मिस्त्रींनी गाडी खोलली तेव्हा मी पूर्ण वेळ तिथे बसून होतो. ते आधी वरून बघत गेले. टॅपेट कव्हर कोरडं, ब्रीदरचा पाइप मोकळा. तो तुंबला तर आतल्या दाबाने नवा सीलही तेल बाहेर टाकतो, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही तो पाइप बघितला होता का? मग इंजिनला खालून टेकू दिला, ॲक्सल ओढले, गिअरबॉक्स उतरवला. या गाडीत इंजिन आडवं, म्हणून ‘मागचा’ सील गिअरबॉक्सच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या आड. आतलं तेल त्यांनी बोटावर घेऊन हुंगलं. गिअर ऑइलचा उग्र वास नव्हता. तेल इंजिनचंच होतं. क्लच प्लेट त्यात भिजून काळी पडलेली.

फ्लायव्हील काढण्याआधी त्यांनी क्रँकवर आणि त्याच्यावर खूण केली. शेवटचा बोल्ट सोडताना हाताखालच्या पोराला खालून हात लावायला सांगितला, कारण ते जड असतं, पायावर पडलं तर बोटं जातात. पण बोल्ट सोडायला त्यांना जोरच लावावा लागला नाही. दोन तर साध्या पान्याने फिरले! मिनिटाला हजारो फेरे घेणारं लोखंडाचं चाक आमच्या पायांपासून हातभर अंतरावर तुम्ही असं बांधलं होतंत.

आणि मागे तो सील. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, ओठ दुमडलेला. हातोडीने ठोकत बसवलेला. क्रँकच्या मानेवर, जिथे सीलचा रबरी ओठ टेकतो नेमका तिथे, छन्नीचा ओरखडा. जुना सील उचकटताना तुम्ही काढलेला. सील स्वस्त असतो, मिस्त्रीभाऊ. महाग असते ती इथवर पोहोचण्याची मेहनत. ती तुम्ही केलीत, दोन दिवस गाडीखाली झोपलात आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळी मातीत घातलीत. छन्नीपेक्षा धीर महाग होता का? शेजारी भरवेलीची मँगनीजची खाण शेकडो मीटर खोल आहे. तिथल्या पंपाचा सील कुणी असा ठोकला तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतील का?

दुसऱ्या मिस्त्रींनी ओरखड्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला. नव्या सीलच्या ओठाला तेल लावलं, स्प्रिंगची बाजू इंजिनकडे ठेवली आणि ओठ ओरखड्यावर येऊ नये म्हणून सील किंचित कमी खोल बसवला. सीलच्याच मापाचा पाइपचा तुकडा वर ठेवून, चारी बाजूंनी हलके ठोके देत. गिअरबॉक्सचा सीलही लगेच बदलला. त्यासाठी पुन्हा एवढं खोलायचं कुणी? फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क पान्याने, समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळले.

2014 पासून ही गाडी बनत नाही. आमच्या घरची ती पहिली गाडी. तिचा क्रँक आता तो ओरखडा घेऊनच चालणार, याचा मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

तुमच्याकडे आयटीआय करून आलेला एक मुलगा आहे. तुम्ही छन्नी मागितलीत तेव्हा त्यानेच ती तुमच्या हातात दिली होती, मी पाहिलं. लेथवर तसाच पाइपचा एक तुकडा मी कापून घेतला आहे. शनिवारी तुमच्या गॅरेजवर येतो. तो तुकडा तुम्हाला नाही, त्या मुलाला द्यायचा आहे.