राजवाडा आतून पाहायचाय?

सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी. हे ऐकलं की पाहुणा विचारतोच, "मग राजवाडा कुठाय?" राजवाडा नाही. गोंदेश्वर आहे: मधे महादेव, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य. देवांची सोय चिरेबंदी झाली, राजाच्या घराचा मात्र पत्ता नाही. पुढे बाराव्या शतकात पाचव्या भिल्लमाने बिऱ्हाड देवगिरीला हलवलं.

हिरमुसलेल्या पाहुण्याला मग चांदवडला होळकरांच्या रंगमहालात न्यावं. लाकडी खांबांवरचं कोरीवकाम, भिंतींवरची चित्रं त्याच्यासाठी गौण. महालात शिरलेला मराठी माणूस तीनच गोष्टी विचारतो: भुयार कुठे निघतं, खजिना सापडला का, आणि आजच्या भावाने हे केवढ्याला जाईल?

एवढ्या लांब जायचं नसेल, तर हल्ली हमरस्त्यावर 'पॅलेस' नावाची मंगल कार्यालयं आहेतच. प्लास्टरचे खांब, सोनेरी सिंहासन, आत फिरायला मनाई नाही. राजा दर मुहूर्ताला नवा, आणि संध्याकाळी पाचच्या आत हॉल रिकामा करायचा. यादवांनीही केलाच होता. त्यांचं डिपॉझिट तेवढं बुडालं.