रांगेतलं ग्रहण

चंद्रग्रहण बघायला दुर्बीण लागत नाही. ग्रहणाचा चष्माही लागत नाही, तो सूर्यासाठी. चंद्र आणि वर होणारी मान एवढ्यावर भागतं. तरीही ७ सप्टेंबर २०२५च्या रविवारी रात्री दुबईतल्या एका मोकळ्या मैदानावर आम्ही सगळे दुर्बिणीच्या रांगेत उभे होतो, आणि अख्ख्या रांगेची पाठ चंद्राकडे होती.

कार्यक्रम लोकांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून होता. मंच होता, मंचामागे मंगळाला पोचलेल्या ‘अल-अमल’ यानाचं भलंमोठं चित्र होतं, माइक हातात घेतलेला एक उत्साही तरुण होता आणि त्याच्यापुढे बहुतेक रिकाम्या खुर्च्या होत्या. गर्दी दोनच ठिकाणी होती, कडक चायच्या गाडीवर आणि दुर्बिणीपाशी. सप्टेंबरातली दमट हवा अशी, की मोटारीच्या एसीतून उतरताक्षणी चष्म्यावर धुकं. ग्रहण लागायच्या आधीच मला खग्रास दिसू लागलं होतं.

आमच्याबरोबर सोलापूरहून आलेल्या सासूबाई होत्या. आदल्या दिवशी बादलीत बाप्पांचं विसर्जन झालेलं, फ्रिजमधल्या उरलेल्या मोदकांवर तुळशीपत्रं ठेवलेली, आणि सकाळपासून घरात एकच प्रश्न घोंघावत होता: “जावईबापू, वेध इथल्या घड्याळानं धरायचे का सोलापूरच्या?” दाते पंचांग सोलापुरात निघतं, त्यामुळे त्यांच्या लेखी विश्वाचं मुख्य कार्यालय तिथेच. मी इंजिनिअर आहे. मी विषय बदलला.

शेवटी रांग सांभाळणाऱ्या स्वयंसेवक मुलीला त्यांनी थेट मराठीतच विचारलं. ती डोंबिवलीची निघाली. (दुबईत कुणालाही मराठीत विचारून बघावं, दर पाचातला एक कल्याण-डोंबिवलीकडचा निघतो, असा माझा अशास्त्रीय अंदाज आहे.) ती म्हणाली, “आजी, सावली पडते चंद्रावर. ज्याला ज्याला चंद्र दिसतोय, त्याला ती एकाच क्षणी दिसते. खग्रास सुरू होईल तेव्हा सोलापुरात अकरा वाजलेले असतील, इथे साडेनऊ. सूर्यग्रहणाचं तसं नाही. तेव्हा चंद्राची सावली जमिनीवरून पळते. २०१९च्या डिसेंबरात लिवाच्या वाळवंटात कंकणाकृती दिसलं, इथे दुबईत नुसतं खंडग्रास.”

“म्हणजे उपास एकच, घड्याळं दोन,” सासूबाई म्हणाल्या, आणि वळून मागच्या माणसाला हे सगळं आपल्या हिंदीत समजावू लागल्या. “देखो भैया, छाया उधर गिरती है, इधर नहीं गिरती.”

मागचा भैया पेशावरकडचा टॅक्सीवाला होता. त्याने उलट आपलं शास्त्र काढलं. बुर्ज खलिफा एवढा उंच, की खाली सूर्य मावळला तरी वरच्यांना अजून दिसतच असतो. म्हणून २०११मध्ये दुबईच्या मुफ्तींनी सांगितलं, ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडायचा आणि १५०व्याच्या वर तीन मिनिटं. सासूबाई विचारात पडल्या. “वरच्या मजल्याला भाडं पण जास्त आणि उपास पण जास्त!”

पृथ्वी गोल असल्याचा इतका पोटाला भिडणारा पुरावा मी दुसरा ऐकलेला नाही. आयोजक लोक मंचावर खर्च करतात आणि विज्ञान मात्र रांगेत, चहाच्या कपाबरोबर, एकाकडून दुसऱ्याकडे सरकत असतं. पुढचे मलयाळी काका नातीला सांगत होते की चंद्र तांबडा दिसतो तो पृथ्वीच्या हवेमुळे; हवा निळा प्रकाश विखरून टाकते आणि तांबडा वाकवून सावलीत सोडते, म्हणजे या क्षणी जगात जिथे जिथे सूर्य उगवतोय नि मावळतोय, तो सगळा रंग तिथे वर पडलाय. हे ऐकून निम्म्या रांगेने पहिल्यांदा मान वर केली.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मुलांना नुसती सही द्यायचे नाहीत. पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, म्हणायचे. इथे दुर्बिणीपाशी पोचलेला प्रत्येक जण नेत्रिकेला मोबाइल चिकटवायचा आणि प्रश्न एकच विचारायचा: “ही केवढ्याला पडते?”

माझी पाळी आली तेव्हा मला माझीच पापणी दिसली, मोठी आणि सुस्पष्ट. सासूबाईंनी मात्र नीट डोळा लावला, निरखून पाहिलं आणि निकाल दिला, “वर दिसतंय तेच आहे की हो हे.”

ग्रहण सुटलं ते आम्ही घरी परतल्यावर, ११ वाजून ५६ मिनिटांनी. सोमवारी शाळा असूनही घरातलं कुणी झोपलेलं नव्हतं. सासूबाईंनी बोटिम अ‍ॅपवरून धाकट्या बहिणीला फोन लावला. सोलापुरात रात्रीचा दीड वाजत आलेला, पण मावशी जाग्याच होत्या.

“काय गं, सुटलं का तुमच्याकडे?”

“इथं ढगच ढग आहेत अक्का. पण टीव्हीवर दाखवतायत, आत्ताच सुटलं.”

सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर दीड तास मोजला आणि फोन ठेवला. “बरोबर सांगत होती पोरगी,” म्हणत त्या आंघोळीला गेल्या. आतून लगेच आवाज आला, “अहो, गार पाण्याच्या नळाला हे कढत पाणी का येतंय? हे विचारायचंच राहिलं तिला!”