ताकाचं बेट

डोंबिवलीत माझं घर रेल्वेचे रूळ आणि एक मंगल कार्यालय यांच्या बरोबर मधोमध आहे. रूळ बारा महिने वाजतात. कार्यालय मुहूर्त असतील तेव्हा. तीस वर्षांत एकाच रात्री तिथे शांतता लाभली, २६ जुलै २००५ ला, लोकल बंद पडल्या तेव्हा. त्या रात्री मला झोप लागली नाही. काहीतरी बिघडलंय, असं सारखं वाटत राहिलं.

अशा माणसाला त्याच्या लेकीने स्टॉकहोमला बोलावून घेतलं आणि आठवड्याभरात सांगितलं, "बाबा, इथे फार गडबड असते. आपण चार दिवस जरा शांत ठिकाणी जाऊ." मला स्टॉकहोमच जेवणाच्या सुट्टीतल्या बँकेसारखं वाटत होतं. त्याहून शांत म्हणजे काय, याचा विचार करत मी बॅग भरली. सौ.ने तिच्यात पोह्यांच्या चिवड्याचा डबा ठेवला. चिवडा बरोबर असला की माणूस कुठेही अडत नाही, अशी तिची श्रद्धा आहे.

जावयाने गाडी काढली. आपल्याकडे शहर संपतं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ठाणं कुठे संपलं यावर वाद होऊ शकतो. इथे पूल आला आणि शहर संपलं. पुढे मेलारेन, स्वीडनमधलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं सरोवर. स्टॉकहोमचे लोक याचंच पाणी पितात आणि यातच पोहतात. हे ऐकल्यावर सौ.ने हळूच विचारलं, "पण आधी काय करतात?"

शहराच्या पश्चिमेला या सरोवरात इतकी बेटं आहेत की नुसत्या बेटांची मिळून एक नगरपालिका झाली आहे, एकेरो नावाची. स्वीडिशमध्ये बेटाला 'ओ' म्हणतात. एवढंच. एक अक्षर, वर दोन टिंबं. मुन्सो, अदेल्सो, हेल्गो. नावाच्या शेवटी 'ओ' आला की चहूकडे पाणी आहे असं समजायचं. आपल्याकडे हाक मारली की माणूस ओ देतो. इथे हाक न मारताच बेटं ओ देतात. बेटाएवढी वस्तू ज्यांनी एका अक्षरात उरकली, ते आपल्याशी किती बोलणार, हे मी तिथेच ओळखायला हवं होतं.

वाटेत राजाचं घर लागतं. ड्रॉटनिंगहोम, म्हणजे राणीचं बेट. सतराव्या शतकातला वाडा. राजा-राणी १९८१ पासून खरोखरच तिथे राहतात आणि बागेत कुणीही फिरू शकतं. मी गाड्यांचा ताफा आणि "बाजूला व्हा, साहेब येतायत" म्हणणारा हवालदार शोधत होतो. एक बाई कुत्रा फिरवत होती, बाकी काही नाही. वाड्याशेजारी १७६६ सालचं नाटकघर आहे. गुस्ताव तिसरा हा नाटकवेडा राजा. त्याला १७९२ मध्ये मुखवट्यांच्या नाचात गोळी घातली गेली आणि त्यानंतर नाटकघर विस्मरणात गेलं. १९२१ मध्ये एक अभ्यासक कुठलंसं चित्र शोधत आत शिरला, तर देखाव्यांचे पडदे, दोर, लाकडी चक्रं, सगळं धुळीखाली जागच्या जागी! सव्वाशे वर्षं एवढी मोक्याची वास्तू पडून होती आणि कुणी तिथे मंगल कार्यालय काढलं नाही. रंगमंचावर ढगांचा गडगडाट करायला दगड भरलेली लाकडी पेटी आहे. दोर ओढला की ती कलंडते आणि आत दगड गडगडतात. या लोकांना आवाज करायचा झाला तर यंत्र लागतं, याची मी मनात नोंद केली.

मुन्सोच्या टोकाला रस्ता पाण्यात जातो. तिथे पिवळी फेरीबोट येते. गाडीसकट चढायचं, पलीकडे अदेल्सोवर उतरायचं. "तिकीट कुठे काढायचं?" सौ.ने तीनदा विचारलं. जावई म्हणाला, "आई, हा सरकारी रस्ताच आहे. एवढा तुकडा तरंगतो, इतकंच."

अदेल्सोवर लेकीने भाड्याने घेतलेलं घर होतं. त्याला इथे 'स्टुगा' म्हणतात. पांढऱ्या कडांचं, गेरूसारख्या लाल रंगाचं लाकडी घर. हा रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा. देशभर खेडोपाडी तोच. अंगणात हातपंप. आत नळ नाही. संडास पन्नास पावलांवर, झाडीत.

मी राजापूरजवळच्या आमच्या गावी अठराव्या वर्षापर्यंत हातात कंदील घेऊन परसाकडे जात होतो. त्यातून सुटका व्हावी म्हणून शिकलो, बँकेत चिकटलो, डोंबिवलीत ब्लॉक घेतला. बिल्डरला पहिला प्रश्न विचारला तो संडासाचाच. मग मुलीला शिकवलं, ती स्वीडनला गेली, आणि तिने चांगले घसघशीत पैसे मोजून मला पुन्हा परसाकडे आणून सोडलं. "बाबा, इथे सगळे उन्हाळ्यात असंच राहतात. साधं." साधेपणा परवडायला आधी किती पगार लागतो, ते मी विचारलं नाही.

संडासाच्या दाराला बदामाच्या आकाराचं भोक होतं, आणि आत भिंतीवर चौकटीत राजा-राणीचा फोटो. अशा संडासात राजघराण्याची तसबीर लावायची इथे जुनी रीतच आहे. वाड्यावर ज्यांचं दर्शन झालं नाही ते महाराज इथे भेटले. दोघेही प्रसन्न हसत होते. बसल्या जागी जमेल तेवढ्या अदबीने मी वागलो.

पहिल्या संध्याकाळी आम्ही लाकडी धक्क्यावर बसलो. पाणी हलत नव्हतं. झाडं हलत नव्हती. सूर्यसुद्धा जुलैतला असल्यामुळे जागचा हलत नव्हता. मी चिवड्याचा बकाणा भरला आणि दाताखाली पहिला शेंगदाणा फुटला. तो आवाज लांबवर गेला असावा, कारण वीस हातांवरचं एक बदक उडालं. सौ. म्हणाली, "अहो, हळू चावा." चाळीस वर्षांच्या संसारात ही सूचना नवीन होती.

या मौनी देशात एक शब्द मात्र सगळीकडे ऐकू येतो: ताक. आपलं पातेल्यातलं नव्हे. त्याचा अर्थ 'आभारी आहे'. पावती दिली, ताक. दार धरलं, ताक. धक्का न लावता बाजूने गेलात, तरी ताक. पहिल्या दिवशी दुकानात तीन जणांच्या तोंडी तो शब्द ऐकून सौ. आनंदून म्हणाली, "बघा, इथेसुद्धा मिळतं!" ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी खूप पाहिली. भांडं नसतानाच दिवसभर ताक वाटणारी इथेच पाहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पायी फिरायला निघालो. रस्त्याकडेला टेबल, टेबलावर स्ट्रॉबेरीची खोकी, फळीवर भाव आणि एक नंबर. विकणारा नाही. लांबपर्यंत कुणीच नाही. पैसे 'स्विश' करायचे. म्हणजे त्यांचं यूपीआय. पण त्याला स्वीडिश बँकेचं खातं लागतं. उभा जन्म बँकेत काढलेला मी खात्यावाचून उभा होतो. सौ.चं दुःख निराळं होतं. भाव करायला माणूसच नव्हता. तिने फळीकडे बघून "फार सांगताय" म्हटलं, दोन पावलं पुढे जाऊन वळूनही पाहिलं. फळीने परत बोलावलं नाही. शेवटी लेकीला फोन केला, तिने घरबसल्या पैसे भरले, आणि आम्ही खोकं उचलून भराभर चालू लागलो. पैसे भरूनही चोरी केल्यासारखं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

रानात तर पैशांचा प्रश्नच नाही. जमीन कुणाच्याही मालकीची असो, तिच्यावरून चालायचा, ब्लूबेरी वेचायचा हक्क इथे सगळ्यांना आहे. फक्त कुणाला त्रास द्यायचा नाही, नासधूस करायची नाही आणि घराच्या अगदी जवळ घुटमळायचं नाही. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पांढऱ्या पट्टीवरून दोन कुटुंबं सात वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. तेवढी एकच शांतता आम्ही आपली आपण कमावली आहे.

त्या संध्याकाळी सात वाजता दादाचा फोन आला. गावी तेव्हा रात्रीचे साडेदहा. जेवण, शतपावली, मग फोन, हा त्याचा नेम. दादाचा असा समज आहे की माणूस जितका लांब, आवाज तितका चढा हवा. स्वीडनचं अंतर तो घशाने कापत होता. मीही त्याला साजेसं उत्तर देत होतो. विषय आंब्याच्या हिशेबाचा होता, त्यामुळे स्वर थोडे वर गेले.

पंधरा मिनिटांनी वल्ह्यांचा आवाज आला. समोरच्या काठावरून एक म्हातारे गृहस्थ होडी मारत आले आणि धक्क्यापासून अदबशीर अंतरावर थांबून इंग्रजीत म्हणाले, "सगळं ठीक आहे ना?" त्यांना कुणीतरी बुडतंय असं वाटलं होतं. जावयाने नंतर समजावलं: थंड पाण्यालगतची हवा गार असते, वरची उबदार, अशा वेळी आवाज वर विरून न जाता वाकून पुन्हा खाली येतो आणि पाण्यावरून लांब पोहोचतो. थोडक्यात, आमच्या आंब्यांचा हिशेब पलीकडच्या काठाला तोंडपाठ झाला होता.

मी ओशाळलो. अशा वेळी आपण जे करतो तेच केलं. वाटीत चिवडा घालून पुढे केला. त्यांनी होडी जवळ घेतली, एक घास खाल्ला, बराच वेळ सरोवराकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, "स्टार्क." म्हणजे जहाल. आणखी एक घास. मग "ताक." आणि वल्ही मारत निघून गेले. एवढं बोलणं झालं. सौ. म्हणाली, "किती मनमोकळा माणूस!"

सकाळी पायरीवर एक भांडं होतं. आत माती लागलेले नवे बटाटे आणि वर शेपूसारख्या पाल्याची जुडी. शेपूसारख्या कसल्या, शेपूच! माझ्या सगळ्या बालपणाने ज्या भाजीला नाक मुरडलं, ती इथे लोक बटाट्यावर हौसेने घालतात. बटाटे उकडले, लोणी लावलं, शेपू भुरभुरला, आणि राजापूरच्या आमच्या आजीची मी मनोमन माफी मागितली. रिकामं भांडं परत करू नये म्हणून सौ.ने त्यात चिवडा भरला. मी तो त्यांच्या धक्क्यावर ठेवला. दार वाजवलं नाही. दोन दिवसांत मी बराच सुधारलो होतो.

तिसऱ्या दिवशी जावयाने इतिहास दाखवला. अदेल्सोच्या समोर ब्यॉर्को बेट, त्यावर बिर्का. सुमारे ७५० ते ९७५ या काळातलं व्हायकिंग लोकांचं व्यापारी गाव. तिथे अरबी चांदीची नाणीही सापडली. त्या काळी इथलं पाणी आजच्यापेक्षा सुमारे पाच मीटर वर होतं आणि हे सरोवर समुद्राचाच फाटा होतं. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून इथली जमीन अजून हळूहळू वर येते आहे. आपल्याकडे खाडीत भराव टाकून जमीन करावी लागते, रात्री ट्रक चालवावे लागतात, वर कोर्टकचेऱ्या. इथे जमीन आपली आपण, न बोलता वर येते.

मग हेल्गो, म्हणजे पवित्र बेट. गवत, दगड, शांत शेतं. इथे १९५६ मध्ये उत्खननात एक मूर्ती मिळाली: पद्मासनात बसलेला सुमारे साडेआठ सेंटीमीटरचा कांस्याचा बुद्ध. सहाव्या शतकाच्या सुमारास आपल्या उपखंडाच्या वायव्येला, स्वात-काश्मीरच्या बाजूला कुठेतरी घडवलेला. त्याच ठिकाणी आयर्लंडच्या धर्मगुरूच्या दंडाची मूठ मिळाली, इजिप्तकडची पळी मिळाली. बुद्ध सापडला तेव्हा त्याच्या गळ्यात चामड्याची पट्टी होती. कुणीतरी त्याला गळ्यात, नाहीतर भिंतीवर बाळगलं असावं. आता तो स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात असतो.

मी त्या गवतात उभा राहिलो. आपल्या बाजूचा हा माझ्या आधीचा पाहुणा. ना व्हिसा, ना विमा, ना चिवडा. आणि इथे येऊन त्याने काय केलं? हजारावर वर्षं मातीखाली गप्प बसून राहिला. इथल्यांना आपल्याकडचा माणूस आवडावा, तर असा. "बघ," मी सौ.ला म्हटलं, "याला जमलं."

"त्यांना तुमच्या दादांचे फोन येत नव्हते," ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी दुपारभर पाऊस पडला आणि डब्याचं झाकण उघडंच राहिलं होतं. संध्याकाळी मी धक्क्यावर एकटा जाऊन बसलो. पाऊस थांबला होता. पाणी हलत नव्हतं. मी चिवड्याचा बकाणा भरला, चावला आणि दचकलो. आवाज नाही! पोहे सादळले होते. डोंबिवलीत असा चिवडा मी सौ.ला परत परतायला लावला असता. इथे तो मूठ-मूठ खाल्ला. पहिल्या दिवशीचं असेल-नसेल ते बदक अगदी जवळून गेलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला उगाचच अभिमान वाटला.

बरोबर सात वाजता खिशात फोन थरथरला. मी तो उचलला आणि काही बोललो नाही. बुद्ध आठवत होता.

"हॅलो!" दादा राजापुराहून गरजला. "हॅलो! अरे, ओ दे की! मेलास की काय? हॅलो!"

पलीकडच्या काठावर एक दार उघडल्याचा आवाज आला. मग होडीची साखळी वाजली. मग वल्ही.

मी दुसरी वाटी काढली. चिवडा सादळलेला असला, तरी तिखट होताच.