चेरीची वहिवाट

बिदरची जमीन ईश्वराने बागांसाठी नव्हे, किल्ल्यांसाठीच निर्माण केली असावी, हा माझा ग्रह अंगणात झाडासाठी दोन हात खड्डा खणावयाचे ठरले त्या दिवसापासून दृढ झाला आहे. वरची वीतभर तांबडी माती कुदळीचा मान राखते. तिच्याखालचा जांभा पहारीलादेखील मुजरा करीत नाही. अहमदशहा बहामनीने पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी येथे हलविली ती हवेच्या गुणास्तव, असे सांगतात; मातीच्या गुणास्तव, असे मात्र कोणी सांगत नाही.

या भूमीत मला फुलवावयाची होती रानचेरी! जपानी चित्रांतून जिच्या गुलाबी बहराखाली सभ्य माणसे काहीही न करता बसलेली दिसतात, ती. हिमालयात तिची एक बहीण आहे. तिचे लाकूड पद्मकाष्ठ म्हणून काष्ठौषधींच्या दुकानी तागडीत पडते आणि ती स्वतः वसंताची वाट न पाहता शरदाच्या अखेरीस शिलाँगकडे फुलते. परंतु या कुळाला फुलण्यापूर्वी दीर्घ गारठ्यातील निद्रा आवश्यक असते, आणि आमच्याकडची थंडी माणसाला पडसे देण्यापलीकडे कोणतीही जबाबदारी पत्करीत नाही. शिवाय हा व्यवहार राजेरजवाड्यांनाही सोपा गेलेला नाही. टोकियोहून वॉशिंग्टनला नजराणा म्हणून गेलेली दोन हजार झाडे १९१० साली कीड सापडल्यामुळे सरकारी हुकुमाने जाळण्यात आली आणि १९१२ साली तीन हजारांवर झाडे पुन्हा रवाना करावी लागली. जेथे दोन सरकारांची ही त्रेधा, तेथे एका निवृत्त शिरस्तेदाराच्या पेन्शनीची काय मातबरी?

तेव्हा रोपवाटिकेच्या मालकाने तडजोडीदाखल सिंगापूर चेरी पुढे केली. सिंगापूरशी तिचा जन्मसंबंध नाही, मूळ गाव उष्ण अमेरिका, आणि खऱ्या चेरीशी दूरची सोयरीकही नाही, पण “काका, चेरी म्हणजे चेरीच की!” या युक्तिवादापुढे मी निरुत्तर झालो.

झाड मात्र वाढले ते थकबाकीवरच्या व्याजासारखे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच्या आडव्या फांद्यांनी अंगण, ओटा आणि दोरीवरचे धोतर अशा तिन्ही मिळकती आपल्या छायेखाली आणल्या. फूल पाहावे तर पांढऱ्या, चुरगळलेल्या पाच पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. सकाळी पानावर ताठ उभे, संध्याकाळी पाकळ्या धुळीत. मग देठ हळूहळू वाकतो आणि फळ पानाखाली दडून बसते, जणू कोणाला दिसूच नये. दिसते मात्र सर्वांना.

पहाटे बुलबुल येतात. दुपारी शाळा सुटली की “गसगसे, गसगसे” असा कानडी पुकारा करीत गल्लीतील पोरे कुंपणावर कब्जा घेतात. फळात खसखशीसारखे बी असते, म्हणून हे नाव. रात्रपाळी वटवाघळांची. ती फळ झाडावर खात नाहीत, घेऊन दुसरीकडे जातात. आणि दुसरीकडे म्हणजे आमच्या नव्याने चुना दिलेल्या भिंतीकडे. सकाळी त्या भिंतीवरील तांबूस नक्षीचा पंचनामा करताना आमच्या गृहिणीचे मुखकमल पाहण्याचे धैर्य मला होत नाही. “अहो, झाड शोभेचं होतं ना?” एवढेच ती विचारते.

फळ गिळणाऱ्या प्रत्येकाने बियांचा प्रसारही इमानेइतबारे केला. पलीकडचे खानसाहेब एके दिवशी अत्तराच्या दरवळासह फाटकात उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, “रावसाहब, आपका झाड हमारी नाली में भी तशरीफ लाया है.” जाऊन पाहतो तो छताच्या पन्हळीत वीतभर उंचीची, केसाळ पानांची चेरी डौलाने डोलत होती. मी ती उपटावयास हात घातला, तेव्हा खानसाहेबांनी तो अडविला. त्यांच्या नातवाने रोपाला रोज तांब्याभर पाणी घालण्याचा शिरस्ता पाडलेला होता.

सारांश, झाड माझे, सातबारा माझा, पाणीपट्टी माझ्या नावे. आणि वहिवाट मात्र मी सोडून सर्वांची. पिकलेले एकही फळ माझ्या हाती लागले नाही, कारण खालच्या फांद्या पोरांच्या, वरच्या पाखरांच्या, आणि मधल्यांपर्यंत पोहोचण्यास जी चपळाई लागते ती सरकारी नोकरीत खर्ची पडली. अखेर भिंतीकडची फांदी छाटण्याचा हुकूम मी काढला. माळी कोयता घेऊन शिडीवर चढला, पानांत दिसेनासा झाला आणि दोनदा हाका मारूनही “आलो, मालक” यापलीकडे त्याच्याकडून काही निष्पन्न होईना. बऱ्याच वेळाने तो उतरला तेव्हा फांदी जागच्या जागी होती, कोयता कोरडा होता, आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे तांबडे झालेले होते.